कोठार मोठे की वाट रुंद?

शिक्षणसंस्थेत एखादे यंत्र विकत घ्यावयाचे ठरले, की खरेदी समितीपुढे येणारा पहिला प्रश्न बहुधा वेगाचा असतो आणि दुसरा किमतीचा. संगणकाच्या बाबतीत तर या दोन रकान्यांतच सारी तुलना आटोपते. गेल्या काही वर्षांत मात्र या तक्त्यात एक तिसरा रकाना येऊन बसला आहे, आणि पुष्कळदा तोच निर्णायक ठरू लागला आहे. हा रकाना स्मृतीचा, म्हणजे नेहमीच्या बोलण्यातील मेमरीचा. जुन्या कागदपत्रांचा सारांश काढणारे, भाषांतर करणारे किंवा विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे देणारे भाषाप्रतिमान आपल्याच इमारतीत चालवावे असे ज्या महाविद्यालयाला वाटते, त्याला आज दोन प्रकारच्या यंत्रांतून निवड करावी लागते. एका प्रकारात ग्राफिक्स कार्डाला स्वतःची स्वतंत्र स्मृती असते. दुसऱ्या प्रकारात मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स प्रोसेसर एकाच सामाईक स्मृतीवर काम करतात.

हा भेद केवळ अभियंत्यांच्या कुतूहलाचा विषय नाही. लहान संस्थेची काही लाखांची तरतूद वर्षानुवर्षांच्या प्रयत्नाने मंजूर होते. ती एकदा खर्च झाली, की पुढील पाच-सहा वर्षे त्या संस्थेत कोणते काम होऊ शकेल आणि कोणते मुळीच होऊ शकणार नाही, हे या निवडीवरच अवलंबून राहते. म्हणून या प्रश्नाचा विचार शास्त्रशाखेतील जाणकारांवर सोपवून इतरांनी स्वस्थ बसणे योग्य नव्हे. त्यातील मूळ हिशेब साध्या गुणाकार-भागाकाराचा आहे.

भिंत कशी उभी राहिली?

संगणकाच्या रचनेचा जो आराखडा जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडला, त्यात गणना करणारा भाग एकीकडे आणि स्मृती दुसरीकडे अशी विभागणी होती. या दोहोंमधील वाट अरुंद असल्याने गणक कितीही वेगवान झाला तरी त्याला सामग्रीची वाट पाहत थांबावे लागते. जॉन बॅकस यांनी १९७७ मधील आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात या अडचणीला बाटलीच्या निमुळत्या मानेची उपमा दिली होती. आजचा प्रश्न हा त्याच जुन्या प्रश्नाचा नवा अवतार आहे.

ग्राफिक्स कार्ड जन्माला आले ते पडद्यावरील चित्रांसाठी. सेकंदाला कित्येक वेळा संपूर्ण चित्र नव्याने रंगवावयाचे, तर लागणारी सामग्री हाताशीच हवी. साहजिकच या कार्डांवर वेगवान स्मृतीच्या चिपा स्वतंत्रपणे बसविण्याची पद्धत रूढ झाली. पुढे २००७ मध्ये एनव्हिडिया कंपनीने कूडा ही प्रणाली उपलब्ध करून दिली, आणि चित्रांसाठी बनविलेली ही कार्डे इतर गणनांसाठीही सुलभतेने वापरता येऊ लागली. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील क्रिझेव्हस्की, सुत्स्केव्हर आणि हिंटन यांनी चित्रे ओळखणारे जे जाळे तयार केले, त्याने यंत्रशिक्षणाच्या क्षेत्राची दिशाच पालटली. त्या जाळ्यात सुमारे ६ कोटी प्राचले होती आणि ते १२ लाख चित्रांवर शिकविण्यात आले. परंतु त्या वेळच्या जीटीएक्स ५८० या कार्डावर स्मृती होती अवघी ३ गिगाबाइट. जाळे एका कार्डात मावेना, म्हणून ते दोन कार्डांत विभागावे लागले. नव्या युगाच्या आरंभीच संशोधकांना आपल्या कल्पनेचा आकार स्मृतीच्या आकारानुसार बेतावा लागला होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

कार्डाची स्मृती आणि संगणकाची मुख्य स्मृती यांच्यामध्ये पीसीआय एक्सप्रेस नावाची वाट असते. तिच्या चौथ्या पिढीत एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ गिगाबाइट सामग्री जाऊ शकते. एरवी हा आकडा मोठा वाटेल. पण २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० या कार्डावर स्वतःच्या स्मृतीतून सेकंदाला सुमारे १,००८ गिगाबाइट सामग्री वाचली जाते. म्हणजे घाटाच्या दोन्ही बाजूंना प्रशस्त रस्ते आणि मधला घाट मात्र तीसपट अरुंद, अशी ही स्थिती आहे.

सामाईक स्मृतीचा मार्ग

हा घाटच नको, असे म्हणणारी रचना म्हणजे सामाईक स्मृती. ती सर्वस्वी नवी नाही. सोनीच्या २०१३ मधील प्लेस्टेशन ४ या खेळाच्या यंत्रात ८ गिगाबाइटची एकच स्मृती दोन्ही प्रोसेसरांना मिळून होती. स्वस्त लॅपटॉपमध्येही ग्राफिक्स प्रोसेसर मुख्य स्मृतीचाच वाटा घेतो. परंतु तेथे स्मृतीची वहनक्षमता बेताची असते. दोन वाहिन्यांची साधी डीडीआर-४ स्मृती सेकंदाला सुमारे ५१ गिगाबाइट देते, आणि एवढ्यावर मोठे प्रतिमान चालविणे म्हणजे केवळ सोशिकपणाची परीक्षा होय.

ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ हा प्रोसेसर आणला आणि पुढील वर्षांत त्याच्या मोठ्या आवृत्त्यांतून सामाईक स्मृतीचा आकार आणि तिची वहनक्षमता या दोन्ही बाबी वाढवीत नेल्या. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या एम-३ अल्ट्राची वहनक्षमता सेकंदाला ८१९ गिगाबाइट असून, ९६ गिगाबाइट स्मृतीचे त्याचे यंत्र आरंभी ३,९९९ डॉलरला जाहीर झाले. एएमडीने त्याच वर्षी रायझेन एआय मॅक्स या मालिकेत १२८ गिगाबाइटपर्यंतची सामाईक स्मृती दिली. स्वतंत्र कार्डांच्या बाजारपेठेवर ज्या एनव्हिडियाचे वर्चस्व आहे, तिनेही १२८ गिगाबाइट सामाईक स्मृतीचे डीजीएक्स स्पार्क हे लहान यंत्र २०२५ च्या ऑक्टोबरात विक्रीस आणले. म्हणजे एकाच दिशेने तीन प्रतिस्पर्धी वळले. यामागे काही कारण असलेच पाहिजे.

साधा भागाकार

ते कारण समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. मेटा कंपनीने २०२४ मध्ये सर्वांना उतरवून घेता येईल असे ७० अब्ज प्राचलांचे लामा ३.१ हे प्रतिमान प्रसिद्ध केले. प्रत्येक प्राचल दोन बाइटमध्ये साठविले तर १४० गिगाबाइट जागा लागते. अचूकता थोडी कमी करून तेच प्राचल अर्ध्या बाइटमध्ये बसविले तर ३५ गिगाबाइट पुरतात. आता असे प्रतिमान उत्तर लिहिताना एकेक शब्दखंड तयार करते, आणि प्रत्येक शब्दखंडासाठी त्याला आपली सर्व प्राचले एकदा वाचावी लागतात. यावरून वेगाची कमाल मर्यादा सहज काढता येते: वहनक्षमतेला प्रतिमानाच्या आकाराने भागावे.

एम-३ अल्ट्रामध्ये ८१९ ला ३५ ने भागले असता सेकंदाला सुमारे २३ शब्दखंड येतात. डीजीएक्स स्पार्कची वहनक्षमता २७३ गिगाबाइट. तेथे सुमारे ८ येतात. माणसाच्या वाचनाच्या मानाने हा वेग कामचलाऊ म्हणता येईल. आता आरटीएक्स ४०९० कडे वळू. त्याची स्मृती २४ गिगाबाइट. त्यात इतर गरजा वगळून प्रतिमानाचा २२ गिगाबाइटचा भाग ठेवला, तर १३ गिगाबाइट बाहेर, मुख्य स्मृतीत राहिले. कार्डावरील २२ गिगाबाइट वाचण्यास सेकंदाचे सुमारे २२ सहस्रांश पुरतात. उरलेले १३ गिगाबाइट घाटातून आणावयाचे तर ४०० सहस्रांश लागतात. ते आणण्याऐवजी तेवढा भाग मुख्य प्रोसेसरनेच गणला, तरी साध्या स्मृतीवर २५० सहस्रांश जातात. शेवटी हाती काय पडते? सेकंदाला दोन ते चार शब्दखंड. ज्या कार्डाची वहनक्षमता तिन्ही यंत्रांत सर्वाधिक, तेच सर्वांत मागे पडते. आणि ते केवळ ११-१३ गिगाबाइट जागा अपुरी पडली म्हणून.

येथे एक तत्त्व स्पष्ट होते. स्मृतीचा आकार हा उंबरठा आहे आणि वहनक्षमता हा वेग आहे. उंबरठा ओलांडल्याशिवाय वेगाला अर्थ नाही. सामाईक स्मृतीच्या यंत्रांनी वेगाचा विक्रम केलेला नाही. त्यांनी उंबरठा खाली आणला, हे त्यांचे खरे कार्य होय.

दुसरी बाजू

तथापि एवढ्यावरून स्वतंत्र स्मृतीचे दिवस संपले असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. प्रतिमान कार्डात मावते तेथे चित्र एकदम पालटते. ८ अब्ज प्राचलांचे प्रतिमान अर्ध्या बाइटच्या हिशेबाने ४ गिगाबाइटमध्ये बसते. ४०९० वर त्याची कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे २५० शब्दखंडांची, तर स्पार्कवर ६८ ची. पुण्यातील एल-३ क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठीसाठी महाबर्ट हे प्रतिमान प्रसिद्ध केले. ते ज्या बर्ट जातीचे आहे, त्या जातीच्या गूगलच्या मूळ प्रतिमानाच्या लहान आवृत्तीत सुमारे ११ कोटी प्राचले आहेत. अशा कामांना मध्यम प्रतीचे कार्डही पुरते आणि तेथे सामाईक स्मृतीवर अधिक पैसा घालणे हा अपव्यय ठरतो.

दुसरी गोष्ट वापरणाऱ्यांच्या संख्येची. एकाच वेळी साठ विद्यार्थी प्रश्न विचारीत असतील तर प्राचले एकदा वाचून त्यांवर साठांचे काम करता येते. स्मृती वाचण्याचा खर्च अशा रीतीने साठ जणांत वाटला जातो, आणि मग कस लागतो तो गणनशक्तीचा. लांबलचक दस्तऐवज आधी वाचून मग उत्तर द्यावयाचे असेल, तेव्हाही वाचनाचा टप्पा मुख्यतः गणनेचा असतो. या बाबतीत स्वतंत्र कार्डे सामान्यतः वरचढ आहेत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिकविण्याची. तयार प्रतिमान चालविणे वेगळे आणि ते घडविणे वेगळे. प्रचलित पद्धतीने संपूर्ण प्रतिमान शिकविताना दर प्राचलामागे सुमारे १६ बाइट लागतात, म्हणजे ८ अब्ज प्राचलांना १२८ गिगाबाइट. मधल्या गणनांची जागा त्याहून निराळी. २०२१ नंतर थोडीच प्राचले नव्याने शिकविण्याच्या युक्त्या प्रचारात आल्या, आणि २०२३ मध्ये ६५ अब्ज प्राचलांचे प्रतिमान ४८ गिगाबाइटच्या एका कार्डावर सुधारून घेता येते असे दाखवून देण्यात आले. तरीही शिकविण्याचे काम दिवसेंदिवस चालणारे आहे आणि तेथे गणनशक्तीचा तुटवडा जागेच्या तुटवड्याइतकाच जाचक ठरतो. शिवाय या क्षेत्रातील बहुतेक साधने प्रथम कूडासाठी लिहिली जातात. ॲपलची यंत्रे घेणाऱ्याला तयार वाटेऐवजी कधी कधी आडवाट धरावी लागते, हाही खर्च हिशेबात धरला पाहिजे.

दोन कार्डे घेऊन प्रतिमान विभागता येते हे खरे. २०१२ मध्ये तेच केले गेले. परंतु ४०९० च्या एका कार्डाला पूर्ण भारात ४५० वॅट लागतात. दोन कार्डे, त्यांना पेलणारा वीजपुरवठा आणि थंड ठेवण्याची व्यवस्था हे सारे तालुक्याच्या गावी, जेथे उन्हाळ्यात वीज जाते-येते, तेथे सोपे नसते.

किंमत कोण ठरवितो?

आता प्रश्न असा उरतो, की कार्डावर स्मृती अधिक का बसविली जात नाही? ती बसविता येत नाही असे नाही. २४ गिगाबाइटचे ४०९० हे कार्ड १,५९९ डॉलरला जाहीर झाले. त्याच जातीच्या चिपेवर आधारलेले ४८ गिगाबाइटचे व्यावसायिक कार्ड सुमारे ६,८०० डॉलरला आले. स्मृती दुप्पट आणि किंमत चौपट. दोहोंत इतरही फरक आहेत हे मान्य करूनसुद्धा एवढी तफावत केवळ उत्पादनखर्चाने स्पष्ट होत नाही.

अर्थशास्त्रात या व्यवहाराला किंमतभेद म्हणतात. फ्रान्समधील अभियंता ज्यूल द्युप्वी याने १८४९ मध्येच त्याचे मर्म ओळखले होते. तिसऱ्या वर्गाच्या आगगाडीच्या डब्यावर छप्पर नसे, ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्या प्रवाशाने तिसऱ्यात बसू नये म्हणून, असे त्याचे निरीक्षण होते. खेळाच्या कार्डावरील आखूड स्मृती हे असेच न घातलेले छप्पर आहे. पाऊस कंपन्यांवर पडत नाही, कारण त्या वरच्या वर्गाचे तिकीट काढू शकतात. भिजतो तो विद्यार्थी आणि भिजते ते लहान महाविद्यालय.

सामाईक स्मृतीच्या यंत्रांनी या भिंतीला खिंडार पाडले हे खरे. पण त्यांचे विक्रेते काही धर्मादाय संस्था नव्हेत. या यंत्रांत स्मृती बहुधा कायमची जोडलेली असते. आज ६४ गिगाबाइट घेतले आणि दोन वर्षांनी १२८ लागले, तर नवे यंत्र घेण्यावाचून गत्यंतर नाही. जुन्या संगणकात जशी एक पट्टी काढून दुसरी बसविता येई, तशी सोय येथे नाही. त्यातच जगात या चिपा बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. प्रचंड गणनकेंद्रांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस स्मृतीचे भाव कडाडले आणि मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा व्यवसाय बंद करण्याचे त्या डिसेंबरात जाहीर केले. मोठ्या गिऱ्हाइकाने बाजारात हात घातला, की लहान गिऱ्हाइकाच्या ताटातले कमी होते. मंडईतील हा नियम चिपांनाही लागू आहे.

पुण्याचा अनुभव

स्मृती सामाईक असावी की स्वतंत्र, हा वाद महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. एकाच महागड्या प्रोसेसरऐवजी अनेक लहान प्रोसेसर जोडावेत आणि प्रत्येकाला स्वतःची स्मृती द्यावी, अशी त्याची रचना होती. एकाकडची माहिती दुसऱ्याला हवी असेल तर ती संदेशाने पाठवावी लागे. यंत्र परवडणाऱ्या खर्चात उभे राहिले. पण कोणती सामग्री कोठे ठेवावी आणि केव्हा हलवावी याची जबाबदारी कार्यक्रम लिहिणाऱ्यावर आली. स्वतंत्र स्मृतीचा हा न दिसणारा खर्च होय. यंत्राच्या किमतीत तो येत नाही, माणसाच्या वेळातून वसूल होतो.

सामाईक स्मृती ही केवळ लहान यंत्रांची सोय आहे, असाही समज नको. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा एल कॅपिटन हा महासंगणक नोव्हेंबर २०२४ च्या जागतिक यादीत पहिला आला. त्याच्या एएमडीनिर्मित प्रोसेसरांत मुख्य आणि ग्राफिक्स हे दोन्ही भाग १२८ गिगाबाइटच्या एकाच स्मृतीवर काम करतात आणि तिची वहनक्षमता सेकंदाला ५.३ टेराबाइट आहे. म्हणजे कोठार सामाईक ठेवूनही वाट रुंद करता येते. पैसा मात्र मोजावा लागतो. सामाईक असल्यामुळे यंत्र मंद होते असे नाही. मंद होते ते स्वस्त जातीच्या स्मृतीमुळे.

निर्णयाची रीत

मग मर्यादित साधनांच्या संस्थेने काय करावे? प्रथम यंत्राची माहितीपत्रके बाजूला ठेवून आपल्या कामाची यादी करावी. कोणते प्रतिमान चालवावयाचे, ते किती गिगाबाइटचे, एका वेळी किती जण ते वापरणार, आणि संस्थेला काही नव्याने शिकवावयाचे आहे काय? काम लहान प्रतिमानांचे आणि वर्गभर विद्यार्थ्यांचे असेल तर स्वतंत्र स्मृतीचे कार्ड घ्यावे. काम मोठ्या प्रतिमानाचे आणि थोड्या माणसांचे असेल, विद्यार्थ्यांची माहिती किंवा अप्रकाशित कागदपत्रे बाहेर पाठवावयाची नसतील, तर सामाईक स्मृतीचे यंत्र घ्यावे. ते घेताना आजच्या गरजेपेक्षा अधिक स्मृतीचे घ्यावे, कारण नंतर ती वाढत नाही. आणि वहनक्षमतेचा आकडा पाहिल्याशिवाय केवळ ‘सामाईक’ या शब्दावर भुलू नये.

शिकविण्याचे मोठे काम मात्र स्वतःच्या यंत्रावर करण्याचा हट्ट बहुतेक संस्थांनी धरू नये. ते काम वर्षातून एखाद-दोन वेळा येते. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली. त्यात संशोधक आणि नवउद्योग यांना सवलतीच्या भाड्याने जीपीयू मिळावेत अशी योजना आहे. महाविद्यालयांनी तिचा लाभ घेण्यासाठी अर्ज करावेत, आणि विद्यापीठांनी त्यांचे अर्ज एकत्र करून पुढे पाठवावेत. नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याने आणणारा शेतकरी विहिरीवरचा पंप मात्र स्वतःचाच ठेवतो, कारण पाणी रोज लागते. रोज लागणाऱ्या गोष्टीसाठी दुसऱ्याच्या सवडीवर राहणे त्याला परवडत नाही.

ज्याच्या यंत्रात प्रतिमान मावत नाही, त्याला ते तपासून पाहता येत नाही, त्याच्या मराठीतील चुका काढता येत नाहीत आणि ते आपल्या उपयोगाला वळवूनही घेता येत नाही. त्याने दुसऱ्याच्या दारात उभे राहून मिळेल ते उत्तर घ्यावयाचे. मराठीत काम करणाऱ्या शिक्षक-विद्यार्थ्यांपुढील प्रश्न सेकंदाला आठ शब्दखंड की तेवीस, एवढाच नाही. मंद चालणारे परंतु आपल्या ताब्यातील यंत्र आठवडाभर प्रयोगशाळेत चालू राहिले, तर त्यावर एखादा विद्यार्थी पन्नास चुका करील आणि एकावन्नाव्या वेळी काही शिकेल. खरेदी समितीच्या तक्त्यात या शक्यतेसाठी रकाना नसतो. तो समितीतील सुजाण सभासदांनीच आखून घेतला पाहिजे.